जेवणापुरता आपला

मालवण किनाऱ्यावरच्या कुठल्याही वाडीत दुपारची जेवणं आटोपली की मागीलदारी उरलासुरला भात आणि बांगड्यांची डोकी-काटे ठेवले जातात. कुत्रा वेळेवर हजर असतो. तो पडवीच्या कोपऱ्यात झोपतो, रात्री परक्या पावलावर भुंकतो, बागेत शिरलेल्या माकडांमागे धावतो. मुलांनी त्याला नावही ठेवलेलं असतं. पण हाच कुत्रा पाणंदीत कुणाच्या पोटरीला चावला आणि त्या घरचं माणूस विचारायला आलं, की उत्तर ठरलेलं: 'आमचो नाय ओ, हयसरच असता.' सिंधुदुर्गातल्या लहान मुलांना कुत्र्यांपासून जो धोका आहे त्याचं मूळ या एका वाक्यात आहे, असं माझं मत आहे. जेवताना आपला आणि चावताना कुणाचाच नसलेला हा अर्धवट पाळलेला कुत्रा आपल्या चर्चेत कुठेच येत नाही. वाद चालतो तो महानगरांतल्या भटक्या कुत्र्यांचा, नाहीतर बंगल्यांतल्या परदेशी जातींचा. वाडीतला कुत्रा या दोन्हींत बसत नाही. त्यामुळे त्याची लस, त्याची नसबंदी आणि त्याच्या आसपास खेळणारं मूल यांतलं काहीच कुणाच्या वहीत नोंदलेलं नसतं.

नोंद नसली म्हणजे प्रश्न किती लहान दिसतो, हे देशाच्या आकड्यांवरूनच कळतं. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आणि रेबीजने झालेले संशयित मृत्यू होते फक्त ५४. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संशोधकांनी घरोघर जाऊन केलेल्या पाहणीवरून काढलेला अंदाज मात्र वेगळाच आहे: वर्षाला सुमारे ९१ लाख प्राणीदंश, त्यांतले तीन-चतुर्थांश कुत्र्यांचे, आणि रेबीजचे सुमारे ५,७०० मृत्यू. चोपन्न आणि सत्तावन्नशे यांच्यामध्ये जे अंतर आहे, त्यात बहुतेक गावं-वाड्या आहेत. आणि त्यात मुलं आहेत. संशयित पिसाळलेला प्राणी ज्यांना चावतो त्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची मुलं असतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. याचं एक कारण साधं आहे. चार वर्षांच्या मुलाचं तोंड आणि कुत्र्याचं तोंड जवळपास एकाच उंचीवर असतं. मोठ्या माणसाला कुत्रा चावतो तो बहुतेक वेळा पायाला किंवा हाताला, लहान मुलाला चेहऱ्याला, मानेला, डोक्याला. रेबीजचा विषाणू मज्जातंतूंतून मेंदूकडे सरकतो, त्यामुळे जखम मेंदूच्या जितकी जवळ तितका उपचाराला मिळणारा वेळ कमी.

आता ही मुलं कुठे आणि कोणत्या कुत्र्याच्या तावडीत सापडतात? परक्या, लाळ गळणाऱ्या, रस्त्यावरून सुसाट येणाऱ्या कुत्र्याचं चित्र आपल्या मनात असतं. तसं घडतंही, पण अगदी लहान मुलांच्या बाबतीत जगभरच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट अशी की कुत्रा ओळखीचा असतो, जागा घरातली किंवा अंगणातली असते, आणि मुलाने केलेलं कृत्य अगदी निरागस असतं. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घातला, झोपलेल्याला मिठी मारली, शेपूट ओढली, पिल्लू उचललं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या केर्स्टिन माइंट्स यांच्या अभ्यासात तर असं आढळलं की चिडून दात दाखवणाऱ्या कुत्र्याकडे पाहून अनेक लहान मुलांना तो हसतो आहे असं वाटतं. ज्या खुणेने मोठं माणूस मागे सरेल तीच खूण मुलाला जवळ बोलावते. ताठरलेलं अंग, मागे पडलेले कान, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, डोळ्यातला पांढरा भाग दिसणं, ही कुत्र्याची भाषा मुलाला कळत नाही आणि आपण ती शिकवत नाही. उलट कुत्रा गुरगुरला की आपण त्याच्या पाठीत काठी घालतो. गुरगुरणं हा इशारा आहे. ज्याला इशाऱ्याबद्दल मार मिळाला, तो पुढच्या वेळी इशारा न देता चावतो.

कुत्रे चावण्यालाही आपल्याकडे ऋतू आहे. भाद्रपद हा कुत्र्यांच्या मिलनाचा महिना, हे कोकणातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. नर टोळीने फिरतात, आपसात भांडतात, एरवी शांत असणाराही अंगावर येतो. आणि नेमक्या त्याच महिन्यात गणपतीसाठी चाकरमानी येतात. वर्षभर शांत असलेल्या घरात वीस माणसं, त्यांत मुंबई-ठाण्याच्या सदनिकांत वाढलेली मुलं, वर फटाके, ढोल, आरत्या, रात्रीची जागरणं. मुलांच्या लेखी हा 'आपल्या गावचा कुत्रा', आणि कुत्र्याच्या लेखी ही मुलं पूर्णपणे अनोळखी. पुढे सुमारे त्रेसष्ट दिवसांनी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, कुठल्या तरी मांगरात, लाकडांच्या ढिगामागे किंवा पडवीखाली कुत्री वितात. पिल्लं दिसली की मुलांना कोण थांबवणार? पण ओली बाळंतीण कुत्री आपल्या पिल्लांजवळ कुणालाही येऊ देत नाही. शिवाय पिल्लाच्या दाताचा ओरखडा 'काय एवढंसं' म्हणून सोडून दिला जातो. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो आणि लहानशा ओरखड्यातूनही तो माणसात येऊ शकतो.

मुलांनाच शहाणं करावं, असा एक विचार इथे पुढे येतो. तो चुकीचा नाही, अपुरा आहे. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या आठ प्राथमिक शाळांत सात-आठ वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग २००० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. काही मुलांना कुत्र्याशी कसं वागावं याचा अर्ध्या तासाचा धडा दिला, काहींना दिला नाही. काही दिवसांनी शाळेच्या आवारात एक शांत कुत्रा बांधून ठेवला आणि मुलं काय करतात ते लांबून पाहिलं. धडा न मिळालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांनी बेधडक जाऊन त्याला थोपटलं, धडा मिळालेल्यांपैकी फक्त ९ टक्क्यांनी. फक्त अर्ध्या तासाने एवढा फरक पडत असेल, तर आपल्या जिल्हा परिषद शाळांत तो अर्धा तास काढणं अवघड नाही. मोकळा कुत्रा अंगावर आला तर पळू नकोस, माडासारखा सरळ उभा राहा, हात अंगाला चिकटव, त्याच्या डोळ्यांत बघू नकोस. खाली पडलास तर कासवासारखं अंग मिटून मान आणि कान झाक. किनाऱ्यावरच्या मुलाला माड आणि कासव वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मात्र २००९ साली कोक्रेन संस्थेने असे सगळे प्रयोग तपासून असंही म्हटलं की या धड्यांमुळे प्रत्यक्ष चावण्याच्या घटना कमी होतात याचा थेट पुरावा हाती नाही. आणि तीन वर्षांच्या मुलाला तर धडा देण्यात अर्थच नाही. त्याला आठवण राहत नाही, राहिली तरी मोह आवरत नाही. त्यामुळे पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाची जबाबदारी पूर्णपणे मोठ्यांची: मूल आणि कुत्रा दोघंच एका जागी असता कामा नयेत, कुत्रा कितीही गरीब असला तरी. 'लक्ष आहे माझं' असं चुलीपाशी बसून म्हणणं पुरेसं नाही. हात पोचेल इतक्या अंतरावर कुणीतरी हवं, नाहीतर मध्ये बंद बेडं हवं.

मुलांना एक गोष्ट मात्र अगदी लहानपणापासून शिकवायला हवी, आणि ती शिकवण्याआधी आपण स्वतःला आवरायला हवं. कुत्रा चावला किंवा त्याने ओरबाडलं तर लगेच सांगायचं. मुलं लपवतात, कारण त्यांना ओरडा बसेल, मार बसेल अशी भीती असते: 'तुला सांगितलं होतं ना, जाऊ नकोस म्हणून!' या एका वाक्यापायी वाया गेलेले दिवस परत मिळत नाहीत. रेबीजची लक्षणं दिसायला बहुधा एक ते तीन महिने लागतात, आणि ती एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्या आधीच्या काळात उपचार मिळाले तर जवळजवळ नेहमी वाचतो. दुसऱ्या कुठल्या आजारात एवढी स्पष्ट रेघ सापडणं कठीण. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल, झाडपाल्याचा लेप काहीही लावायचं नाही, मंत्रात वेळ घालवायचा नाही. मग थेट दवाखाना. रक्त आलं असेल, किंवा जखम चेहऱ्याला-मानेला असेल, तर लसीबरोबर जखमेत सिरमही टोचावं लागतं. ते मिळेल अशा रुग्णालयात, मग ते ओरोसचं असो की गोव्यातल्या बांबोळीचं, त्याच दिवशी पोचायचं. जुन्या पिढीच्या मनात अजून 'बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं' बसलेली आहेत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनवलेली लस भारताने वीस वर्षांपूर्वीच बंद केली. आजची लस दंडावर, तान्ह्या मुलांना मांडीवर, चार-पाच खेपांत दिली जाते. दोन खेपा झाल्या, मूल बरं दिसतंय, म्हणून पुढच्या सोडायच्या नाहीत.

एवढं सगळं केलं तरी ते झालं चावल्यानंतरचं. आधीचं काम कुत्र्यापाशी सुरू होतं, आणि तिथे प्रश्न पुन्हा तोच: कुत्रा कुणाचा? कायद्याने याची दोन खणांत वाटणी केली आहे. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचं लसीकरण, जंतनिर्मूलन आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी, आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. वाडीतला कुत्रा या दोन खणांच्या मधल्या फटीत पडतो. घर म्हणतं पंचायतीचा, पंचायत म्हणते घरचा. माझं म्हणणं सरळ आहे: जो रोज खायला घालतो तो मालक. चार घरं घालत असतील तर चौघं मालक. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. पण मी कायद्याचा धाक दाखवायला हे सांगत नाही. शेजाऱ्याला कोर्टात खेचण्याने वाडीत फक्त वैर वाढेल. मला हवी आहे ती गावाने मिळून केलेली, लिहून ठेवलेली कबुली: अमुक घराचा अमुक कुत्रा, लस अमुक तारखेला, नसबंदी झाली किंवा व्हायची आहे. गळ्यात रंगीत पट्टा.

कुत्रा मुलांपासून दूर ठेवा म्हटलं की पहिला आक्षेप येतो: 'राखणीचा कुत्रा बांधून ठेवला तर राखण कोण करणार?' हा आक्षेप खरा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. काजू-आंब्याच्या बागेत, एकट्या घरात, म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीला कुत्रा लागतो. पण मी साखळीची बाजू घेत नाही. अमेरिकेत डेन्व्हरमध्ये माणसाला चावलेल्या १७८ कुत्र्यांची तेवढ्याच न चावलेल्या कुत्र्यांशी तुलना केली गेली. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात अंगणात साखळीने बांधून ठेवलेल्या कुत्र्यांचं प्रमाण चावणाऱ्यांत जास्त निघालं. नसबंदी न झालेल्यांचं जास्त निघालं, नरांचं तर कितीतरी जास्त. दिवसभर दोन हात साखळीवर उन्हात ठेवलेला प्राणी पळून जाऊ शकत नाही, म्हणून तो चावतो. त्यापेक्षा गडग्याच्या आतला एक कोपरा जाळी किंवा कामट्यांनी बंद केला, वर सावली आणि पाणी ठेवलं, आणि शाळा सुटण्याच्या वेळी, पाहुणे आले असताना, मुलं खळ्यात खेळत असताना कुत्रा तिथे ठेवला तर राखणीत काय उणं पडतं? त्याचं भुंकणं जाळीतूनही ऐकू येतं. रात्रीही तो बंद असलेला बरा, आणि इथे मालकाचाच फायदा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासात बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. सिंधुदुर्गातल्या वाड्यांतून रात्रीत कुत्रा नाहीसा होतो तेव्हा काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं. रात्री मोकळा कुत्रा बिबट्याला मुलांच्या अंगणापर्यंत आणतो.

दुसरा आक्षेप अगदी उलट टोकाचा: एवढा खटाटोप कशाला, सगळे उचलून न्या. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातही हा प्रश्न गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातले सगळे भटके कुत्रे निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लस देऊन कुत्रे मूळ जागी सोडायचे, पिसाळलेले व आक्रमक सोडून, आणि खायला घालायचं ते ठरवून दिलेल्या जागीच. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं यांच्या आवारांतून कुत्रे हटवून तिथे परत न सोडण्याचा आदेश आला. शाळेच्या आवाराबाबतचा आदेश मला योग्य वाटतो आणि आपल्या प्रत्येक अंगणवाडीला तो लागू व्हावा असं वाटतं. पण वाडीच्या वाडी रिकामी करण्याचा मार्ग किनाऱ्यावर चालणार नाही. रापण ओढून झाल्यावर वाळूत टाकून दिलेली बारीक मासळी, बंदरावरचं आणि बाजारातलं कापलेल्या माशांचं वाया गेलेलं, तारकर्ली-देवबागच्या हॉटेलांमागचं उष्टं, शाळेच्या पायरीशी सांडलेली खिचडी. एवढं अन्न उघड्यावर आहे तोवर आजचे कुत्रे नेले तर उद्या शेजारच्या गावचे येतील, आणि ते बिनलशीचे, अनोळखी असतील. हे उष्टं झाकणं हे कुत्र्यांच्या प्रश्नातलं सगळ्यात दुर्लक्षित काम आहे. वायंगणी-तोंडवळीच्या वाळूत कासवांची अंडी जपणाऱ्यांनाही त्याचा उपयोग होईल, कारण घरटी उकरणाऱ्यांत कुत्रे असतात.

जातींवर बंदी घाला, हा तिसरा सूर. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुणे इथे पाळीव पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांचा मुलगा गेला, तेव्हा तो आपल्याही किनाऱ्यावर ऐकू आला. अशा ताकदवान कुत्र्याच्या मालकावर कडक बंधनं हवीतच. तरी आपल्या वाड्यांत बहुसंख्य कुत्रे गावठी आहेत, आणि जातीची यादी कितीही लांब केली तरी त्यांतला एकही तिच्यात येणार नाही.

गोव्याचं नाव आलं तर तिथलं दुसरं उदाहरणही पाहायला हवं, कारण ते आपल्या उंबऱ्यावर घडलं आहे. २०१३ ते २०१९ या काळात गोवा सरकार आणि 'मिशन रेबीज' यांनी मोबाइलवरच्या नकाशाच्या आधाराने गल्ली-गल्ली, वाडा-वाडा फिरून ९५ हजारांहून अधिक कुत्र्यांना लस दिली, ७० टक्के कुत्रे गाठले, आणि वर्षाला दीड लाख मुलांपर्यंत शाळांतून माहिती पोचवली. कुत्र्यांतला रेबीज ९२ टक्क्यांनी घटला आणि माणसांचे रेबीजचे मृत्यू थांबले. २०२२ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स'ने हा सगळा हिशेब छापला. गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांवर होती, सिंधुदुर्गची साडेआठ लाख. तेरेखोल नदीच्या त्या काठावर जे जमलं ते या काठावर जमू नये, असं काही कारण मला दिसत नाही. उलट आरोंदा, सातार्डा, बांदा, दोडामार्ग इथून माणसं रोज कामाला पलीकडे जातात, आणि कुत्र्यांना हद्द कळत नाही. आपण लस दिली नाही तर त्यांचीही मेहनत वाया जाते.

राहिला खर्चाचा आणि भूतदयेचा आक्षेप. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत आहे त्याने कुत्र्याचा खर्च कुठून करावा? कुत्र्याची वर्षाची रेबीज लस किलोभर पापलेटापेक्षा स्वस्त पडते, आणि ज्याला तेही परवडत नाही त्याच्यासाठी पंचायतीने भरावं. नसबंदीचा खर्च मोठा आहे, तो एका घराने उचलावा अशी अपेक्षा मी करत नाही. तो नगरपरिषदांनी आणि जिल्हा परिषदेनेच उचलायला हवा. पण लस आणि नोंद थांबवून ठेवायला ते निमित्त होऊ नये. भूतदयेबद्दल सांगायचं तर ज्या जिल्ह्यात दत्तभक्तांचं माणगाव आहे आणि घरोघरी दत्ताच्या तसबिरीत चार कुत्रे आहेत, तिथे कुत्र्याला घास देणं कुणी थांबवू नये. मात्र घास घालून लस न देणं यात दया अर्धीच राहते. पिसाळलेल्या कुत्र्याचा शेवट गावात कसा होतो, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. लस दिली असती तर त्याच्यावरही ती वेळ आली नसती.

ग्रामसभा १५ ऑगस्टला भरते. त्यानंतर भाद्रपद लागतो आणि चाकरमान्यांच्या गाड्या येऊ लागतात. त्या सभेत एक वही उघडावी, वाडीवार पानं पाडावीत. आशाताई आणि अंगणवाडी सेविका घरोघर जातातच, पण हे काम त्यांच्या डोक्यावर न टाकता प्रत्येक वाडीतून एक तरुण त्यासाठी नेमावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याकडून गणपतीआधीचा एक दिवस लसीसाठी मागून घ्यावा, आणि त्या दिवशी शाळेत अर्ध्या तासाचा तो माड-कासवाचा धडा व्हावा. दिवाळीनंतर दुसरी फेरी करून पिल्लं किती, कुठल्या घरापाशी, ते लिहावं, म्हणजे तीन महिन्यांची झाली की त्यांचीही लस होईल. वहीच्या पहिल्या रकान्यात कुत्र्याचं नाव येईल, ते मुलं सांगतील. दुसऱ्या रकान्यात घराचं नाव घालायचं आहे.